हिशेब मागणारी श्रद्धा

फिलिपिन्समधल्या दावाओत डॉक्टरकी शिकताना माझ्या घरमालकीण आजी रोज सांतो निन्योपुढे, म्हणजे बाळ येशूच्या मूर्तीपुढे, मेणबत्ती लावायच्या. नातवाला लस म्हटलं की नकारार्थी मान हलवायच्या. त्यांना अडाणी कसं म्हणू? २०१६ पासून त्या देशात आठ लाखांवर मुलांना डेंग्वॅक्सिया ही डेंग्यूची लस टोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणारी कंपनीच म्हणाली, आधी डेंग्यू न झालेल्यांना पुढे तो जास्त तीव्र होऊ शकतो. एकूणच लशी सुरक्षित असतात असं ठामपणे मानणारे एका पाहणीत २०१५ च्या ८२ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २१ वर आले. २०१९ मध्ये गोवराची साथ भडकली, पोलिओही परतला. देवाकडे आपण हिशेब मागत नाही. लस माणसाची, तिचा हिशेब मागणं पाप नव्हे. मात्र एका लशीचा राग गोवराच्या लशीवर काढला, की किंमत लेकरं मोजतात.