उठलेले आणि उठवणारे

१८१४ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात, कुळांना घराबाहेर काढून छपराची लाकडं जाळली गेली. झाडं दुर्मीळ असलेल्या त्या मुलखात वासे-तुळया हीच कुटुंबाची मोठी मत्ता. त्या जळाल्या की परत येऊन घर उभारायची सोयच संपली. कुळांच्या तुटपुंज्या खंडापेक्षा चेव्हियट मेंढ्यांत इस्टेटीला जास्त पैसा दिसत होता. शिवाय कुळं उठवणाऱ्या कारभाऱ्याने, पॅट्रिक सेलरने, ती कुरणं स्वतःच खंडाने घेतली होती. १८१६ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

स्कॉटलंडच्या या डोंगराळ उत्तर भागातून, म्हणजे हायलँड्समधून, परदेशी गेलेल्यांच्या घराण्यांत ही हकिगत आजही पोटतिडकीने सांगितली जाते. सांगावीच. मला खटकतं ते एवढंच, की पूर्वज बोटीत चढले की ती बहुधा संपते.

स्काय बेटावरचा अँगस मॅकमिलन १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरला. त्याला कुणी घरातून हुसकावलं नव्हतं, पण तो त्याच गेलिक भाषा बोलणाऱ्या मुलखातला. आग्नेय टोकाकडे त्याला हिरवीगार कुरणं सापडली, त्यांना त्याने ‘कॅलेडोनिया ऑस्ट्रेलिस’ म्हटलं. आज तो भाग गिप्सलँड. तिथे गुनाईकुर्नाई लोक हजारो वर्षं नांदत होते. मागोमाग स्कॉट पशुपालक गुरं-मेंढ्या घेऊन आले. १८४३ मध्ये त्यांच्यातला एक, रोनाल्ड मॅकॅलिस्टर, मारला गेला. सूड म्हणून वॉरिगल क्रीकवर बायकामुलांसकट कित्येक गुनाईकुर्नाईंना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या घालणाऱ्या टोळीचा म्होरक्या मॅकमिलन होता, असं अनेक इतिहासकार मानतात. खटला कुणावरच झाला नाही. पुढे तो विधिमंडळावर निवडून गेला.

भोगलेलं दुःख माणसाला आपोआप दयाळू करत नाही. जमीन हातात कशी येते हे मात्र ते नीट शिकवतं. नव्या मुलखात बाजारात लोकरीला भाव होता, कायदा दूर होता आणि तिथले रहिवासी कुळ म्हणूनही कागदावर नव्हते. हायलँड्समध्ये इस्टेटीने चालवलेला हिशेब इथे त्याच मुलखातून आलेल्यांनी चालवला.

२०१९ च्या निवडणुकीपासून मॅकमिलनच्या नावाचा मतदारसंघ ‘मोनॅश’ झाला. असं नाव पुसलं की आपल्या वाडवडिलांचा अपमान झाला असं काहींना वाटतं. पण सेलरला जाब विचारायचा हक्क ज्यांना हवा, त्यांनी मॅकमिलनला त्यातून सूट मागू नये. एकाच मोजमापाने दोघांना तोललं, तरच स्ट्रॅथनेव्हरच्या तक्रारीला वजन राहील.