थकवा, इच्छा आणि प्रयत्न

विषाणूजन्य तापातून उठलेला तरुण महिनोन्‌महिने अंथरुणातून बाहेर पडू शकत नाही, तेव्हा घरची माणसे, शिक्षक आणि पुष्कळदा डॉक्टरही त्याच्याकडे ज्या प्रश्नाने पाहतात तो वैद्यकीय असण्याआधी नैतिक असतो: याच्याने होत नाही, की हा करत नाही? धर्मचिंतनाला हा प्रश्न नवा नाही, कारण न घडलेल्या कर्माचा दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे त्याच्या उत्तरावर ठरते.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ विक्षेप सांगितले असून त्यांत व्याधी, स्त्यान आणि आलस्य यांना तीन स्वतंत्र जागा दिल्या आहेत. व्यासभाष्यानुसार व्याधी म्हणजे धातू, रस आणि इंद्रिये यांचे बिघडलेले साम्य, स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, आणि आलस्य म्हणजे शरीर व चित्त जड झाल्यामुळे प्रयत्नाकडे न वळणे. न्यायदर्शन याहून बारकाईने पाहते: इच्छा आणि प्रयत्न ही आत्म्याची लिंगे, म्हणजे तो ओळखण्याच्या खुणा, तर चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, हिचा आश्रय शरीर आहे. इच्छा आहे, प्रयत्नही आहे, आणि तरीही चेष्टा घडत नाही, अशी अवस्था या मांडणीत सहज बसते. लोकव्यवहाराने मात्र या साऱ्या पायऱ्या पुसून टाकून जे घडले नाही ते सगळे आळसाच्या खाती जमा केले.

तरुणांमध्ये ही अवस्था विशेष अभ्यासली गेली ती ग्रंथिज्वरानंतर. एपस्टीन-बार नावाच्या, लाळेतून पसरणाऱ्या विषाणूमुळे हा ज्वर बहुधा होतो. अमेरिकेत 301 किशोरवयीन रुग्णांचा मागोवा घेऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी 13 टक्के, वर्षाने 7 टक्के आणि दोन वर्षांनी 4 टक्के मुले दीर्घकालीन थकव्याच्या विकाराच्या निकषांत बसत होती. या विकाराचे मुख्य लक्षण म्हणजे श्रमोत्तर ऱ्हास: थोड्याशा श्रमानंतर, अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, सगळीच लक्षणे बळावतात. मुलगी सकाळी न्हाऊन, केस विंचरून तासभर वर्गात बसते, सगळ्यांना ती ठणठणीत दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुस्तकातली एक ओळ शेवटापर्यंत वाचवत नाही. पाहणाऱ्यांच्या वाट्याला पहिला दिवस येतो, दुसरा दिवस बंद खोलीत जातो, आणि निवाडा पहिल्याच दिवसावरून होतो.

या थकव्याचा एक धागा अलीकडे आतड्यापर्यंत पोहोचला आहे. अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी 2023 मध्ये असे दाखवले की अशा रुग्णांच्या आतड्यात ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी आढळतात. ब्युटिरेट हे तंतुमय अन्नाच्या किण्वनातून तयार होणारे आम्ल असून मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते प्रमुख इंधन आहे आणि दाह आवरण्यातही त्याचा वाटा आहे. हा बदल आजाराचे कारण आहे की परिणाम, याचा निर्णय एवढ्यावरून होत नाही, आणि म्हणून आतड्याच्या उपचाराने थकवा हटेल असे आश्वासन कोणी देत असेल तर ते आज स्वीकारण्याजोगे नाही.

तरीही या शोधाने एक तात्त्विक प्रश्न ऐरणीवर आणला आहे. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींइतक्याच संख्येने जिवाणू राहतात असा अंदाज आहे; त्यांच्या स्थितीवर माणसाचे बळ अवलंबून असेल, तर ‘मी केले’ या वाक्यातील मी नेमका कोण? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला सांगतो. त्यानंतर त्या विद्वान तरुणाला वेदमंत्र आठवत नाहीत, आणि जेवल्यावर ते सगळे परत आठवतात. मन अन्नमय आहे, हा धडा बापाने मुलाला असा अनुभवातून दिला. यात लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की मंत्र आठवत नाहीत म्हणून उद्दालक मुलाला बोल लावत नाही. त्याच्या असमर्थतेचे कारण तो देहाच्या पोषणात दाखवतो. ज्या परंपरेत हा संवाद आहे, तिच्यातील घरांनी थकलेल्या मुलाला कामचुकार म्हणावे, हे त्या परंपरेच्याच विरोधात जाणारे आहे.

मात्र येथे एक धोका आहे. जिवाणूंचा पुरावा मिळाला म्हणून आता रुग्णावर विश्वास ठेवायचा, असे म्हटले तर पुरावा मिळण्यापूर्वीचा अविश्वास योग्य होता असे मान्य केल्यासारखे होते. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात 1955 मध्ये कर्मचाऱ्यांमध्ये अशाच आजाराची साथ आली; 1970 मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, जुन्या नोंदींवरून, तो सामूहिक उन्माद असल्याचे मत मांडले, आणि बाधितांत स्त्रिया बहुसंख्य होत्या हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने ही चूक मूलभूत आहे. आप्त, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा, याचे वचन नैयायिक प्रमाण मानतात. आपल्या वेदनेविषयी रुग्णाहून अधिक जवळचा साक्षी कोण असणार? प्रयोगशाळेचा अहवाल त्या साक्षीला पुष्टी देऊ शकतो, पण अहवाल नसल्याने ती खोटी ठरत नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने 2021 मध्ये ठरावीक दराने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. पालकांनी आणि शिक्षकांनी निदान एवढे करावे: तापानंतर मूल थकल्याचे सांगत असेल तर त्याची डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी, हजेरीची आणि परीक्षेची घाई त्याच्यावर लादू नये, आणि अहवालात काहीही येवो, त्याचे म्हणणे खरे मानावे.