ताईचं माहेरपण

दोन बहिणी म्हटल्या की चुरस आलीच, असं आपण सहज बोलून जातो. कुणाला मार्क जास्त, कुणाचा रंग उजळ, कुणाला सासर चांगलं मिळालं. अशी चुरस खोल मुरत नाही. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या बहिणीसुद्धा आई दवाखान्यात असली की रात्रपाळ्या वाटून घेतात आणि बोलू लागतात. आज मनात आहे ती जोडी निराळी आहे. वडील अकाली गेले, कंपनीला टाळं लागलं किंवा कर्ता पुरुष व्यसनापायी घराला पारखा झाला, आणि शाळकरी वयातल्या थोरलीने घर अंगावर घेतलं, अशा घरातली थोरली आणि धाकटी. महाराष्ट्रात ही घरं थोडीथोडकी नाहीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कितीतरी खोल्यांमधली चूल बायकांच्या आणि मुलींच्या कमाईवरच पेटत होती.

आपल्या सर्वांना ठाऊक असलेलं असं एक घर मंगेशकरांचं. २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ पुण्यात वारले, तेव्हा लता बारा वर्षांची होती आणि आशा आठ. त्यांच्याबरोबर मीना, उषा आणि लहानगा हृदयनाथ. त्याच वर्षी लता 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. अभिनय आपल्याला मनापासून आवडत नव्हता, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. पण मास्टर विनायकांच्या कंपनीतून मिळणाऱ्या पैशांवर घर चालत होतं, तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

मग १९४९ साल आलं. 'महल' चित्रपटातल्या गाण्याने लताबाईंचा आवाज देशभर गेला. त्याच सुमाराला सोळा वर्षांच्या आशाने घरच्यांच्या मनाविरुद्ध गणपतराव भोसल्यांशी लग्न केलं. दोघींमध्ये दुरावा आला आणि तो बरीच वर्षं टिकला. या दुराव्याला लोकांनी दोन गायिकांची स्पर्धा असं नाव दिलं, मासिकांनी त्यावर रकाने भरले, आणि १९९७ मध्ये सई परांजप्यांचा 'साज' आला तेव्हा प्रेक्षकांनी त्यातही याच दोघी पाहिल्या. मला ते नाव कधीच पटलं नाही. त्या वेळी लता वीस वर्षांची होती. मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीवर बापाने रागवावं, तसं रागवण्याची पाळी वीस वर्षांच्या मुलीवर यावी, यात स्पर्धा कुठे आली? आणि बापाशी भांडून घराबाहेर पडायचं वय झालेल्या आशासमोर भांडायला बाप नव्हताच. होती ती चार वर्षांनी मोठी बहीण.

इथेच मला या नात्याची खरी गाठ दिसते. थोरली कमावती झाली की ती बहीण उरत नाही, पालक होते. धाकटी तिच्याशी रिबिनीवरून भांडू शकत नाही, कारण रिबीन ताईच्याच पगारातून आलेली असते. ताईची कॉपी करू शकत नाही, कारण ताई कामाला गेलेली असते. रागही धरता येत नाही. धरला तर आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या एकच वाक्य ऐकवतात : तुमच्यासाठी तिने काय काय केलं, विसरलीस का? हे वाक्य धाकटीने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ताईबद्दल आतून प्रेम दाटून आलं तरी ते आपलं आहे की फेड आहे, हे तिचं तिला कळेनासं होतं. तिकडे ताईच्या मनातही एक काटा असतो. माझं शिक्षण सुटलं, हिचं झालं. माझी स्थळं परत गेली, हिचं लग्न मी करून दिलं. हे ती बोलत नाही. बोलली तर केलेल्यावर पाणी पडेल, अशी तिला भीती वाटते.

अशा घरातल्या धाकटीला स्वतःची जागा शोधायला किती कष्ट पडतात, हे आशाताईंच्या गाण्यात ऐकू येतं. लतासारखा आवाज आधीच असताना त्याच वळणाने गाऊन आपल्याला काम मिळणार नाही, म्हणून मी जाणूनबुजून निराळी शैली घडवली, असं त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलं आहे. पन्नासच्या दशकात त्यांच्या वाट्याला येणारी गाणी बहुतेक दुय्यम पात्रांची किंवा क्लबातल्या नाचाची असत. लताबाईंचा आवाज कधीच न वापरलेल्या ओ. पी. नय्यरांनी 'नया दौर'मध्ये (१९५७) त्यांना नायिकेची गाणी दिली आणि चित्र पालटलं. पुढे १९८१ च्या 'उमराव जान'मध्ये खय्यामांकडे त्या गझल गायल्या आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅबरेपासून गझलेपर्यंतचा एवढा मोठा पल्ला त्यांच्या गळ्याने गाठला, त्यात थोरलीने व्यापलेल्या जागेचाही हात आहे असं मला वाटतं. जिथे ताई उभी होती तिथे उभं राहता येत नव्हतं, म्हणून धाकटीने बाकीचं सगळं रान पालथं घातलं.

तरीही दोघी पेडर रोडवरच्या प्रभुकुंजमध्ये शेजारच्याच घरांत राहिल्या. 'उत्सव'मध्ये (१९८४) एकत्र गायल्या. हृदयनाथांच्या चालींना दोघींनी आवाज दिला. दादासाहेब फाळके पुरस्कार थोरलीला १९८९ साली मिळाला, धाकटीला २००० साली. मधल्या बहिणीने, मीना खडीकरांनी, ताईवर पुस्तक लिहिलं ते 'मोठी तिची सावली' या नावाने. दुरावा आणि शेजार दोन्ही खरे होते, आणि एकाने दुसऱ्याला खोटं ठरवावं अशी घाई आपण का करावी?

या गाठीतून अधिक मोकळ्या झालेल्या दोघी आठवतात त्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या आणि त्या घरातही गाणं हेच पोटापाण्याचं साधन ठरलं. हिराबाईंनी नाटक कंपनी काढली, ज्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करत त्या काळात कुलीन वेशात रंगमंचावर आल्या, तिकीट लावून मैफली केल्या. आठ वर्षांनी धाकट्या सरस्वतीबाई लहानपणीच नाटकात उभ्या राहिल्या आणि भाऊ सुरेशबाबू व हिराबाई यांच्याकडेच शिकल्या. म्हणजे इथे थोरली नुसती कमावती नव्हती, गुरूही होती. धाकटीवरचं ओझं दुप्पट. पण १९४३ च्या 'रामराज्य'मधल्या भीमपलासातल्या गाण्याने सरस्वतीबाई घराघरांत पोचल्या. पुढे तर दोघी जुगलबंदीला बसू लागल्या. बायकांनी अशी मैफल करण्याची रीत नव्हती, ती या बहिणींनी पाडली. जुगलबंदीत एकीने जागा घेतली की दुसरीने थांबायचं असतं, आणि तिने सोडलेल्या सुरावरून पुढे जायचं असतं. थोरलीने शेजारी बसवून घेतलं आणि शिकवलेल्या धाकटीसाठी थांबली, हे मला हिराबाईंच्या पद्मभूषणाइतकंच मोठं वाटतं.

सगळ्याच घरांत गळा नसतो, पण थांबणं जमू शकतं. ज्या ताईने वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांचे निर्णय घेतले, तिला धाकटीच्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल गप्प राहणं जड जातं. तिने गप्प राहावं. धाकटीनेही दर दिवाळीला साडी देऊन हिशेब मिटतो असं धरून चालू नये. हा हिशेब साड्यांनी मिटणारा नाही, तो मुळात मांडायचाच नव्हता. आई-वडिलांनी, परिस्थितीने, कधी कधी सरकारच्या धोरणाने तो या दोघींच्या माथी मारला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लग्न न केलेल्या अशा ताईने धाकट्या बहिणींची बाळंतपणं केली, पहिल्या दिवाळसणाला जावयांची उठबस केली, उन्हाळ्यात भाचरं सांभाळली. बहिणींचं माहेर तीच होती. मग तिचं स्वतःचं माहेर कुठे? तिला आयतं ताट कुणी वाढलं? दुपारी बारापर्यंत झोपली तर झोपू दे, दमली आहे पोर, असं तिच्याबद्दल कधी कुणी म्हटलं? आता ती साठीच्या पुढे आहे, गुडघे धरले आहेत, पेन्शन असेल किंवा नसेलही, आणि आजही तुम्ही आलात की तीच आधी ओट्याशी जाऊन उभी राहते.

तुमच्या घरात अशी ताई असेल तर येत्या दिवाळीत तिला आठ दिवस तुमच्याकडे आणा. डोक्याला तेल घाला, तिच्या आवडीचं विचारून करा, ओट्याकडे फिरकू देऊ नका. जुनं काही बोलायचं असेल तर तिला आधी बोलू द्या, आणि भांडण झालंच तर होऊ द्या. दोन बहिणी भांडतात तसं भांडायचं तुमचं अजून राहिलंच आहे.