झाकण्याआधी वाचावं लागतं

माहिती अधिकारात मागितलेल्या कागदांची वाट दोन तऱ्हांनी लागते. यादीत कुणाचा तरी मोबाइल नंबर आहे म्हणून सगळी फाइलच नाकारली जाते. नाहीतर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, आजारपणाचे दाखले जसेच्या तसे झेरॉक्स होऊन परक्या हातात पडतात. दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं: तो कागद कुणी ओळ न् ओळ वाचलेलाच नसतो.

2005च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम 10 यासाठीच आहे. देता येत नाही तेवढा भाग वेगळा काढा, उरलेला द्या आणि का वगळलं, कुणी ठरवलं, हे अर्जदाराला कळवा. काळी रेघ ओढायची ती बाकीचा कागद लोकांना मिळावा म्हणून.

आणि ती नीट ओढायला हवी. लेझर प्रिंटवर मार्कर फिरवला की काम झालंसं वाटतं. तोच कागद खिडकीपाशी तिरपा धरून पाहा. मार्करच्या शाईखालून टोनर चमकतो आणि बरेचदा आकडे सरळ वाचता येतात. बॉलपेनचा मजकूर असेल तर पाठीमागे उमटलेले वळ बोटाला लागतात. म्हणून मूळ कागदाला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढून ती काळी करायची, तिची पुन्हा झेरॉक्स काढायची, उजेडात धरून तपासायची आणि ही शेवटची प्रतच द्यायची.

पण आकडे झाकणं त्यातल्या त्यात सोपं. नाव काळं केलं आणि ‘वय 34, विधवा, अंगणवाडी मदतनीस’ एवढं राहिलं, तर सगळ्या गावाला बाई कळली! आधारचे पहिले आठ आकडे झाकायला नियम पुरतो. इथे गाव माहीत असावं लागतं आणि त्या बाईची काळजीही असावी लागते. अशा वाचनाला वेळ लागतो. कचेरीने तो वेळ कामाचा धरलाच पाहिजे.

2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(ञ) बदललं. ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण देऊन नकार देणं त्यामुळे सोपं झालं. हा बदल मला घातक वाटतो. कलम 10 मात्र शाबूत आहे. सरसकट नकार आला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात स्पष्ट लिहा: कलम 10 प्रमाणे वैयक्तिक मजकूर काळा करून बाकीची कागदपत्रं द्यावीत.