जुन्या गाडीचा घाम

नीतिशास्त्राच्या पुस्तकांतले प्रश्न फार भारदस्त असतात. बुडत्या होडीतून आधी कोणाला ढकलावं, खुन्याशी खोटं बोलून मित्राचा जीव वाचवावा की नाही, वगैरे. माझी साठी उलटली, पण यांतला एकही प्रश्न आमच्या दारावरून गेला नाही. बुडायला लागेल इतकं पाणीच मुळी नगर शहराच्या आसपास कुठे असतं? मध्यमवर्गीयांकडे येणारे नैतिक प्रश्न गॅरेजमार्गे येतात. आमच्या कुटुंबात गेलं वर्षभर जो चालला होता तो असा : १९६८ सालच्या फियाटला एसी बसवावा की बसवू नये?

हसू नका. या प्रश्नापायी आमच्या घरात दोन रविवार स्वयंपाक अळणी झाला.

गाडी माझी नाही, मेहुण्यांची. मूळची सासऱ्यांची. त्यांना सगळं घर अण्णा म्हणे. अण्णांनी ती अडुसष्ट साली घेतली आणि पुढल्याच वर्षी मेहुणे जन्मले, त्यामुळे दोघं एका अंगणात वाढले म्हणायला हरकत नाही. फियाट अकराशे, रंग फिका पोपटी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे अखंड बाकडं. त्या बाकड्यावर दोन मोठी माणसं आणि मध्ये एक पोर अशी रीत होती. मधलं पोर म्हणजे मेहुणे. इंजिन १०८९ सीसी, अश्वशक्ती चाळिशीच्या आसपास. पण अण्णांना ती स्पोर्ट्स कारच वाटे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, त्यांत आपल्याकडच्या फियाटही पळत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून राहुरीला जातानासुद्धा ते वळणावर जरा पुढे वाकून बसत.

आता मेहुण्यांचं म्हणणं सांगतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळावा, शर्यत, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. निवृत्त माणसाची आपण अशीच व्यवस्था करतो. सत्काराला बोलावतो, कामाला नाही. तर मेहुण्यांना ही पाटी हवी आहे. ‘दाजी,’ ते मला म्हणाले, ‘एकदा बॉनेटखाली कंप्रेसर बसला की ती अण्णांची गाडी राहिली का?’

ही शंका तशी पुरातन आहे. ग्रीक लोकांनी थेसियसच्या जहाजाबद्दल हीच चर्चा केली होती. फळ्या एकेक करून बदलल्या, तर अखेर जहाज तेच की दुसरं? आपल्याकडे शब्द वेगळे, एवढंच. मी मेहुण्यांकडे नीट पाहिलं. डोळ्यांवर चष्मा, दोन दाढांवर टोप्या, आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट. मूळ स्वरूपाचा आग्रह डॉक्टरांनी धरला असता तर ही चर्चाच झाली नसती. पण हे मी मनात म्हटलं. मेहुण्यांशी नातं मूळ स्वरूपात राखायचं असतं.

शिवाय अण्णांची गाडी मूळ स्वरूपात होती कधी? त्यांनी स्वतः डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवला होता, मागच्या काचेला पडदे लावले होते, आणि उन्हाळ्यात टपावर ओलं पोतं टाकून निघायचे. पोतं वाळलं की वाटेत थांबून विहिरीवर भिजवायचे. आता ते पोतं मूळ समजायचं की फेरफार? बरं, थंडाव्याची खरी सोय कारखान्यानेच दिली होती, ती म्हणजे पुढच्या दारांमधली तिकोनी काच. ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर. त्या काचेला वीज लागत नाही, गॅस लागत नाही आणि ती नैतिक प्रश्नही उभे करीत नाही. फक्त नगरच्या मे महिन्यात, पारा चाळीसच्या पुढे गेला की तीतून वाऱ्याऐवजी भट्टी येते.

आणि याच मुद्द्यावर सासूबाई चर्चेत आल्या. वय चौऱ्याऐंशी. माहेर राहुरी. गेल्या मे महिन्यात याच गाडीतून परत येताना त्यांना उन्हाची भोवळ आली. सलाइन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आजींना उन्हाचं नेऊ नका, न्यायचंच तर एसी गाडीतून न्या. एसी गाडी आमच्याकडे आहे. माझ्याकडे आहे, मुलाकडे आहे. पण सासूबाईंना राहुरीला आणि तिथून पुढे शिर्डीला जायचं ते अण्णांच्या गाडीतूनच. ‘ह्या नव्या गाड्यांत मला कोणी दिसत नाही,’ म्हणतात. काळ्या फिल्मा तर २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्यात. तेव्हा त्यांना म्हणायचं असतं ते काही वेगळंच.

आम्ही भिंगारच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, थंड काय करायचंय? गाडी का माणूस? दोन्ही एकदम जमत नाही.’

इतका नेमका प्रश्न मला नीतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. मग त्यांनी खुलासा केला. कंप्रेसर पट्ट्यावर चालणार, म्हणजे इंजिनाच्या चाळीस घोड्यांतले तीन-चार घोडे गारवा ओढायला जाणार. आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी रेडिएटरच्या पुढे बसवायची, म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच तापलेला. मग रेडिएटर मोठा हवा. त्याला विजेचा पंखा हवा. एवढी वीज जुन्या डायनामोला पुरवता येत नाही, सिग्नलला थांबलं की दिवे मिणमिणणार. म्हणून डायनामो काढून आल्टरनेटर. हे ऐकताना मला गोसाव्याची गोष्ट आठवली. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, गायीचं करायला बायको. आमच्या फियाटचा संसार डोळ्यांदेखत थाटला जात होता.

गंमत म्हणजे हे थंड हवेचं यंत्र माणसासाठी जन्मलंच नाही. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते योजलं. दमट हवेत कागद फुगायचा, रंग एकावर एक नीट बसत नसत. माणसं तिथे आधीही घामाघूम होतच होती, त्याची तक्रार नव्हती, कागदाची होती. पुढे मोटारीत ते आणलं पॅकार्ड कंपनीने, १९३९ साली. यंत्राने अर्धी डिकी खाल्ली, आणि गारवा बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढायचा. श्रीमंतांना कुडकुडण्याचा हक्क पहिल्यांदा मिळाला तो असा. आमच्या आळीत एक निवृत्त रिसालदार राहतात. सारी नोकरी रणगाड्यांत. ते म्हणतात, ‘आमच्या वेळी रणगाड्यात शिजून निघायचो, कोणी विचारलं नाही. पुढे टी-नव्वद आले, राजस्थानात त्यांच्या रात्रीच्या दुर्बिणींना उष्णता सोसेना, तेव्हा एसीची चर्चा सुरू झाली.’ इथल्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ पासून आहे, एक जुनी चिलखती रोल्स-रॉइस उभी आहे. तिच्यात कोण बसलं असेल आणि मे महिन्यात कसं बसलं असेल, हे त्या पोलादाला हात लावला की कळतं.

आपल्या गावाला गारव्याचं वावडं नव्हतं हेही सांगायला हवं. निजामशाहीत, १५८३ साली पुरा झालेला फराहबक्ष महाल तलावाच्या मधोमध बांधला होता. चहूकडे पाणी, जाड भिंती, उंच छत. बॉनेटखाली काही नाही. आज तलाव आटला आहे आणि महाल भग्न उभा आहे, पण त्याच्या आत पाऊल टाकलं की अजून दोन अंश कमी वाटतं. (गावाचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं; आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या नुसतं ‘नगर’ म्हणत आलो, त्यामुळे आमच्या जिभेला फेरफार करावा लागला नाही.)

पण मेहुण्यांचं मन वळेना. मग एके दिवशी सासूबाईंनीच शिर्डीचा विषय काढला. साईसच्चरितात १९११ सालचा प्रसंग आहे. भक्तांनी रात्रीतून मशिदीपुढे सभामंडपाचे खांब रोवले. सकाळी चावडीवरून परत आलेले बाबा ते पाहून असे खवळले की एका हाताने खांब उपटू लागले आणि दुसऱ्या हाताने तात्या पाटलांची मान धरली. तात्यांचा फेटा हिसकून, पेटवून खड्ड्यात फेकला. थोड्या वेळाने राग उतरला, तेव्हा त्यांनीच नवा फेटा आणवून आपल्या हाताने तात्यांना बांधला. आणि सभामंडप? तो झालाच. आता २०२३ च्या ऑक्टोबरात तिथे दर्शनरांगेचं नवं संकुल झालं. दहा हजारांहून जास्त माणसं बसतील अशी वातानुकूलित दालनं. मोडक्या मशिदीत राहिलेल्या फकिराच्या भेटीला माणसं एसीत बसून जातात, यावर नाक मुरडणं मला फार सोपं आहे, कारण माझे पाय अजून धड आहेत. सासूबाईंनी जुन्या काळी भर उन्हात तीन-तीन तास उभं राहून ती रांग केलेली आहे. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

उलट बाजूला शनिशिंगणापूर. तिथे देव उघड्या चौथऱ्यावर, ऊन-पाऊस अंगावर घेत उभा आहे. डोक्यावर छप्पर नाही आणि कोणी घालतही नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन्ही दाखले हजर. मेहुणे शिंगणापूरचे आणि सासूबाई शिर्डीच्या, अशी पक्षांची विभागणी झाली. दोन रविवारचा तो अळणी स्वयंपाक याच काळातला.

मेहुण्यांची बाजू मला खरी कळली ती फार उशिरा, एकदा दोघंच गाडीत होतो तेव्हा. ते बोलता बोलता म्हणाले, ‘अण्णांचा उजवा कोपर कायम खिडकीबाहेर असायचा. मी मधल्या सीटवरून तोच बघायचो. एसी लावला की काच वर.’ पुढे काही बोलले नाहीत. मला वाटतं, विंटेजची पाटी, आरटीओ, आल्टरनेटर हे सगळं त्या कोपराभोवतीचं चिलखत होतं. आणि उघड्या काचेतून खरोखरच बरंच काही आत येतं. हंगामात साखर कारखान्याजवळून जाताना मळीचा वास येतो. नगर-मनमाड रस्त्यावर उसाची बैलगाडी ओलांडताना तिच्यावर बसलेल्या बाईशी क्षणभर नजरानजर होते, ‘पाव्हणं, किती वाजलं?’ असा प्रश्नही येतो. काच वर केली की ती बाई राहतेच, फक्त प्रश्न ऐकू येत नाही. शिवाय आपला गारवा काही आकाशातून पडत नाही. आतली उष्णता, तिच्यावर यंत्राची स्वतःची, अशी बेरीज करून ती रस्त्यावर सोडली जाते. सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोपेडवाल्याच्या पोटऱ्यांना ती मिळते. त्याने ती मागितलेली नसते.

हे सगळं मी सासूबाईंपुढे मांडलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडीत होत्या. म्हणाल्या, ‘ही गाडी घेतली तेव्हा ह्यांना मीच विचारलं होतं, एवढे पैसे कशाला घालता? तर म्हणाले, तुला दिवस गेले आणि माहेराला जायचं झालं तर एस्टीत उन्हातून कुठे नेऊ? ते अजून राहुरीलाच न्यायला बघताहेत मला. तुमचंच ठरत नाही.’

मेहुणे आतल्या खोलीत होते. ऐकू आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते एकटेच मिस्त्रींकडे गेले. तिथे ठरलं ते असं : बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. आहेत त्याच बोल्टांवर पट्ट्या कसायच्या, यंत्र पॅकार्डसारखं डिकीत, जुना डायनामो तेल लावून कापडात गुंडाळून माळ्यावर. ज्या दिवशी हवं त्या दिवशी सगळं उतरवून गाडी होती तशी करता आली पाहिजे. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे जाणते लोकही हेच पथ्य पाळतात, असं मी मेहुण्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं. इंजिनाला जोडलेल्या नव्या पट्ट्याबद्दल आरटीओला काय वाटेल, ते आरटीओच जाणे. तूर्त पाटीचा अर्ज कपाटात आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही शिर्डीला निघालो. मेहुणे चालवायला, सासूबाई शेजारी, मधल्या जागेवर माझा नातू. एसी सुरू, काचा वर. यंत्र बऱ्यापैकी आवाज करीत होतं, पण गार होतं. राहुरीला माहेरच्यांना भेटून, ताक पिऊन पुढे निघालो. कोल्हारपर्यंत सासूबाई शाल पांघरून गप्प बसल्या होत्या. राहाता आला तशा त्यांनी शाल बाजूला केली, काचेचा दांडा गरागरा फिरवून काच पार खाली केली आणि डोकं बाहेर काढून पेरूवालीला भाव विचारला.

‘आई, एसी चालू आहे!’ मेहुणे ओरडले.

‘चालू दे की,’ त्या म्हणाल्या. ‘अर्धा शेर कच्चे दे गं, अर्धा पिकलेले.’