शल्य कशाला म्हणायचे?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात, शल्याचा विचार आला आहे. बाण किंवा काटा एवढेच शल्य, असे सुश्रुत मानत नाही. शरीराला जे जे पीडा देते ते शल्य, मग ते बाहेरून आलेले असो वा अंगचेच. अंगच्या शल्यांत तो पहिले नाव घेतो दातांचे, मग केस आणि नखे. दाढेने रात्रभर जागवलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

म्हणजे एखादी गोष्ट आपली की परकी, हे ती आली कुठून यावर ठरत नाही. ती आत नांदते कशी, यावर ठरते.

याचा विलक्षण दाखला स्वीडनमध्ये मिळाला. १९५२च्या सुमारास लुंड येथे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर निघेचना. हाडाने धातूला धरून ठेवले होते. १९६५मध्ये त्यांनी एका माणसाच्या जबड्यात दात बसवण्यासाठी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो २००६मध्ये वारला, तोवर त्या स्क्रूंनी त्याला साथ दिली.

आपले म्हणजे काय, हा प्रश्न ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातही येतो. तिथे राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात एकेक अवयवाचे नाव घेऊन हाच का नागसेन, असे विचारले जाते. त्यात दातही येतात. प्रत्येक वेळी उत्तर नकाराचे. चाके, आस, जू यांच्या मेळाला रथ म्हणतात, तसेच ‘नागसेन’ हे नाव. या दृष्टीने पाहिले तर जन्माचा दात आणि धातूचा दात यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ उरत नाही. दोन्ही मेळात आहेत तोवर आपले.

पण हा मेळ तुटताना कळतो का? इथे सुश्रुताची पीडेची कसोटी अपुरी पडते. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्यात संवेदना असते. भातातला बारीक खडाही त्यामुळे जाणवतो. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या धातूच्या दाताला, तो थर नाही; तो थेट हाडात रुतलेला. भोवतालचे हाड झिजत गेले तरी माणूस निवांत जेवत असतो. खुणा असतात त्या बिनदुखत्या: घासताना हिरडीतून रक्त, थोडी सूज, कधी पू, एक्स-रेमध्ये उघडे पडलेले स्क्रूचे आटे.

‘माझ्या शरीरानेच तो नाकारला,’ असे म्हणून अनेकजण नशिबाकडे बोट दाखवतात. काही इम्प्लांट पहिल्या महिन्यांत हाडाशी जुळतच नाहीत, हे खरे. मात्र जे काही वर्षांनंतर बिघडतात त्यांच्यामागे बहुधा जिवाणूंचा थर असतो. तंबाखूचा धूर, आटोक्यात नसलेला मधुमेह, आधीचा पायोरिया त्याला हातभार लावतात. यात दैवापेक्षा दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे. सूज हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने ती ओसरते. हाड गेले असेल तर हिरडी उघडून पृष्ठभाग साफ करावा लागतो, काही वेळा हाडाची पूड भरतात. इम्प्लांट हाडात हलू लागला तर मात्र तो काढावाच लागतो. जागा भरून येईपर्यंत काही महिने थांबून दुसरा बसवता येतो.

तोंडात इम्प्लांट असलेल्यांनी दुखण्याची वाट पाहू नये. ब्रशला रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे.