पाठवण्याआधी

माउली, आपल्या शेजारच्या घरातली एक आई रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन जागी असते. लेकरू चार वर्षांचे, सेरेब्रल पाल्सीचे. मान धरते, पण अजून बसत नाही. आपण म्हणतो, मोबाईलचे वेडच लागले आहे हिला. ती तिथे का जाते, हे मात्र विचारीत नाही.

मी एकदा विचारले, आणि मान खाली गेली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. नात्यातल्या मंडळींनी गेल्या जन्मीचे पाप काढले. (त्यांत गळ्यात माळ असलेलेही होते, हे लिहिताना संकोच वाटतो.) मग तिला अशाच आयांचा व्हॉट्सॲपवरचा एक गट सापडला. भरवताना घास अडकू नये म्हणून लेकराला टेकू देऊन सरळ कसे बसवावे, युडीआयडी कार्डासाठी कोणते कागद लागतात, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायाम मोफत शिकवतात, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, हे सारे तिला अनोळखी बायकांनी सांगितले. दिंडीत जुना वारकरी नव्याला पुढचे पाणी कुठे आहे ते सांगतो, तसे. हे काम आपले होते.

पण त्याच मोबाईलवर एक व्हिडिओही आला: स्टेम सेलच्या इंजेक्शनाने मूल चालू लागले. पाठवणारा तिचा सख्खा मामा, मनाने अगदी चांगला. घरच्यांनी अर्धा एकर गहाण ठेवली. इंजेक्शने झाली. त्या धावपळीत व्यायाम सात महिने बंद राहिला आणि लेकराचे पाय आखडले. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या काही आजारांखेरीज असे उपचार प्रयोगाच्याच टप्प्यावर धरले आहेत, आणि प्रयोगात येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. हे त्या व्हिडिओत कोण सांगणार? खाली फोन नंबर तेवढा होता.

मामा म्हणतात, "मी नुसते पुढे पाठवले, हेतू वाईट नव्हता." नव्हताच. पण पंगतीत वाढणारा आमटी आंबली नाही ना, हे आधी बघतो की नाही? आंबलेली वाढून 'भाव शुद्ध होता' म्हटल्याने कुणाचे पोट दुखायचे थांबत नाही. आणि इथे जेवणारा उपाशी आहे. पानात पडेल ते तो खाणारच. त्याची निकड जितकी मोठी, तितके वाढणाऱ्यावर ओझे अधिक.

गटातल्या आयाही चुकतात. मूल वयाने सुधारते आणि श्रेय एखाद्या तेलाला जाते. म्हणून वाट कशी चाललात हे त्यांना जरूर विचारावे, औषध विचारू नये. पण त्यांच्यातली शहाणी बाई म्हणते, "माझ्या मुलाला असे बरे पडले, तू तुझ्या फिजिओथेरपिस्टला दाखवून कर." व्हिडिओवाला असे म्हणत नाही.

निघताना मी त्या माउलीला विचारले, आम्ही काय पाठवावे? ती म्हणाली, "काका, काही पाठवू नका. गुरुवारी केंद्रात जाताना एसटीत लेकरू आणि पिशवी दोन्ही धरवत नाही. कुणी सोबत आले तर बघा."